परातीची साक्ष

आमचे एक वृद्ध स्नेही आहेत. त्यांचें खरें नांव येथें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. सोयीसाठीं आपण त्यांस नाना म्हणूं. उणींपुरीं पस्तीस वर्षें त्यांनीं शाळेंत इतिहास शिकविला, आणि "पुरावा काय?" हा प्रश्न विचारल्यावांचून कोणतेंहि विधान ते पुढें जाऊं देत नसत, अशी त्यांची वर्गांतली ख्याति होती. दोन वर्षांपूर्वीं त्यांच्या पंचाहत्तरीस कॅलिफोर्नियांत राहणारे त्यांचे चिरंजीव आले ते एक अपूर्व भेट घेऊन आले. ती भेट म्हणजे एक लोखंडी परात. सव्वा फुटाचा व्यास, उतरते कांठ, सपाट तळ आणि सर्वांगावर तांबूस गंज. सोबत एक छापील चिठी होती. तिच्यावर 'कोलोमा, १८४९' एवढेंच लिहिलेलें होतें. सोन्याच्या शोधांत निघालेल्या कोणा अज्ञात मनुष्यानें ही परात नदीच्या पाण्यांत हालविली होती, असें विकणाऱ्यानें सांगितलें, आणि चिरंजीवांनीं तिच्यासाठीं चांगली रक्कम मोजली. नानांनीं परात दिवाणखान्याच्या भिंतीवर लावली व तिच्याखालीं ती चिठी चौकटींत बसविली. येणाऱ्याजाणाऱ्यास ती दाखवितांना त्यांचा आवाज पुनः वर्गांतल्यासारखा होई.

गेल्या दिवाळीपूर्वीं घराला रंग दिला. नव्या भिंतीवर गंजाचे डाग पडतील म्हणून वहिनींनीं परात खालीं काढविली, आणि चिंच व वाळू लावून ती घांसून घेतली. जुन्या वस्तु जमविणारांच्या शास्त्रांत याहून मोठें पातक नाहीं. गंज हा त्या वस्तूच्या वयाचा दाखला. तो पुसणें म्हणजे दस्तऐवजावरचीं अक्षरें धुऊन टाकणें होय. परंतु येथें उलटेंच झालें. गंज गेला आणि अक्षरें वर आलीं! तळाच्या बाहेरच्या बाजूस एक पुसट ठसा दिसूं लागला. एका गांवाचें अर्धवट नांव, आणि त्यापुढें पांच आंकडे. नानांची दृष्टि मोतीबिंदूमुळें मंद झाली आहे, त्यामुळें त्यांस तो दिसला नाहीं. वहिनींनीं पाहिला, पण कारखान्याचा कांहीं शिक्का असेल म्हणून सोडून दिला. आम्हीं मात्र तो वाचला. अमेरिकेंत पत्त्यांतल्या गांवाच्या नांवापुढें टपालासाठीं पांच आंकडे घालण्याची पद्धति १९६३ सालीं सुरू झाली, हें आम्हांस ठाऊक होतें. म्हणजे ही परात फार तर आमच्या नानांच्या बाळपणाइतकी जुनी. बहुधा त्याहूनहि नवी.

आतां प्रश्न असा कीं, हें नानांस सांगावें कीं सांगूं नये? वाचकांस हा प्रश्न क्षुल्लक वाटेल. पंचाहत्तरी उलटलेल्या एका सज्जनास एका परातीपासून निर्दोष आनंद होत असेल, तर तो हिरावून घेण्यांत कोणतें पुण्य? आमच्या मनानेंहि पहिले कांहीं दिवस हेंच उत्तर दिलें. परंतु तें टिकेना. मग ज्या जगांतून ती परात आली, त्या जगाची, म्हणजे सोन्याच्या शोधाचीं जुनीं चिन्हें ओळखणाऱ्या व जमविणाऱ्या लोकांच्या जगाची, थोडी माहिती आम्हीं करून घेतली. तेव्हां असें आढळलें कीं, आमच्यापुढचा लहानसा पेंच हाच त्या साऱ्या छंदाचा मुख्य पेंच आहे.

परातीचा उपयोग मराठी वाचकांस समजावून देण्यास फार शब्द नकोत. सोनारांच्या दुकानांतला केर नेऊन पाण्यांत धुवावयाचा आणि तळाशीं राहिलेला सोन्याचा कण वेंचावयाचा, हा धंदा करणारा झारेकरी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होता. सोनें पाण्याच्या एकोणीसपट जड, वाळू अडीचपटीच्या आसपास. म्हणून पाणी हालवीत राहिलें कीं वाळू कांठावरून निघून जाते व सोनें तळाशीं बसतें. झारेकऱ्यानें जें गल्लींत केलें तेंच कॅलिफोर्नियांत लोकांनीं डोंगरांतल्या नद्यांवर केलें. १८४८ च्या जानेवारीच्या २४ तारखेस कोलोमा येथें जॉन सटर यांच्या लांकूड कापण्याच्या गिरणीचें काम चाललें असतां जेम्स मार्शल या सुतारास पाण्याच्या पाटांत सोन्याचे कण दिसले, आणि पुढच्या सालीं जगाच्या चारी कोपऱ्यांतून माणसें तिकडे लोटलीं. त्यांतल्या पुष्कळांपाशीं परात, कुदळ व फावडें यांपलीकडे हत्यार नव्हतें. परातींत माती धुवावी, आणि प्रसंगीं तिच्यांतच कणीक मळावी. पण एकट्या माणसानें परातीनें धुतलेली माती ती किती असणार? म्हणून लवकरच वाळू चाळणारा लांकडी पाळणा आला, मग लांब पन्हळी आल्या, त्यांत सोनें धरून ठेवण्यासाठीं पारा आला. अखेर पाण्याच्या प्रचंड झोतानें डोंगरच्या डोंगर धुऊन काढण्यापर्यंत मजल गेली, आणि खालच्या सपाटीवरील शेतें गाळानें बुजूं लागलीं तेव्हां १८८४ सालीं न्यायालयास तो प्रकार थांबवावा लागला. त्या साऱ्या पसाऱ्यांतून जें उरलें तें आज संग्राहक जमवितात: पराती, सोनें तोलण्याचे पेटींतले नाजूक कांटे, सोन्याची पूड ठेवण्याचे चामडी कसे, पाऱ्याच्या लोखंडी बुधल्या, खाणीच्या भिंतींत खोंचण्याच्या मेणबत्तीच्या दिवट्या, जमिनीच्या हक्काचे कागद, घरीं लिहिलेलीं पत्रें.

या वस्तूंचें वय ओळखण्याची विद्या मोठी चित्तवेधक आहे, हें आम्हीं कबूल केलें पाहिजे. कोणी लांकडी पाळणा १८५० चा म्हणून पुढें ठेवला तर जाणता मनुष्य प्रथम खिळे पाहतो. त्या काळचे खिळे पत्र्यांतून कापलेले, चौकोनी अंगाचे असत. तारेचा गोल खिळा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत सर्वत्र झाला. चार खांचांच्या डोक्याचा मळसूत्री खिळा दिसला तर वस्तु, निदान तिची दुरुस्ती, १९३० नंतरची. लोखंडाचा जोड वितळवून सांधलेला असेल, रिव्हेट मारून नव्हे, तर विसावें शतक उजाडलें असें समजावें. परदेशांत तयार झालेल्या मालावर त्या देशाचें नांव असलेंच पाहिजे असा कायदा अमेरिकेनें १८९० सालीं केला. तेव्हां देशाचें नांव असलेली वस्तु बहुधा त्यानंतरची. मेणबत्तीच्या दिवटीवर पुष्कळदां पेटंटची तारीखच ठोकलेली असते. गंजाचेंहि तसेंच. आम्लांत बुडवून आणलेला गंज सगळीकडे सारखा, नारिंगी, आणि बोट लावतांच हातावर येणारा. काळानें चढलेला गंज काळपट, थराथरांचा, कोठें खोल तर कोठें विरळ. जेथें हात लागत असे तेथें धातु गुळगुळीत झालेली असावयाची. कांठावर झीज नाहीं आणि तळाला खड्डे आहेत, असें दिसलें तर ती परात पाण्यांत कमी व आम्लांत अधिक राहिली असें मानण्यास हरकत नाहीं.

परंतु या विद्येचा थोडा विचार केला म्हणजे एक विलक्षण गोष्ट लक्षांत येते. यांतली प्रत्येक खूण 'नाहीं' म्हणूं शकते. 'होय' म्हणणारी खूण एकहि नाहीं. पांच आंकडे सांगतात कीं ही परात १८४९ ची नव्हे. पण ते आंकडे नसते तर? तर ती परात १८४९ ची ठरली असती काय? मुळींच नाहीं. परातीचा आकार शंभर-सव्वाशें वर्षांत फारसा बदलला नाहीं; १८५० ची साधी लोखंडी परात आणि १९०० ची साधी लोखंडी परात यांत फरक दाखविणें निष्णातासहि कठीण. आणि ती १८५० ची आहे असें ठरलें, तरी ती कोलोमाच्या नदींत बुडाली कीं कोणा गवळ्याच्या घरीं दूध तापवीत राहिली, हें लोखंड कसें सांगणार? तें सांगूं शकतो मनुष्यच. ज्यानें ती वापरली, ज्यानें त्याच्याकडून घेतली, ज्यानें कोणत्या जागीं व कधीं सांपडली हें लिहून ठेवलें, त्यांची साक्ष हाच वस्तूचा प्राण. ती सांखळी तुटली कीं उरतें तें लोखंड. म्हणून जुन्या वस्तूचें खरेपण वस्तूंत नसतें, तें तिच्याविषयीं बोलणाऱ्यांच्या सचोटींत असतें, असें आम्हांस वाटूं लागलें आहे.

खुद्द पहिल्या सोन्याचीच गोष्ट पाहा. वॉशिंग्टनच्या स्मिथ्सोनियन संस्थेंत सोन्याचा एक लहानसा चपटा कण आहे. मार्शल यांस सांपडलेला पहिला तुकडा तो हाच, असें त्याच्याबरोबर आलेला कागद सांगतो. सटर यांनीं तो फॉलसम नांवाच्या लष्करी अधिकाऱ्यास दिला आणि १८४८ सालींच तो राजधानीकडे रवाना झाला. सांखळी आंखूड आणि जवळजवळ अखंड. तरी गंमत अशी कीं, त्या कागदावर शोधाचा महिना फेब्रुवारी असा लिहिलेला आहे! आज सर्वमान्य असलेली २४ जानेवारी ही तारीख मिळाली ती गिरणीवर काम करणाऱ्या हेन्री बिगलर या मजुराच्या रोजनिशींतून. कोणास दाखविण्यासाठीं नव्हे, तर दिवसाची नोंद म्हणून त्यानें तें लिहिलें. स्पेलिंगहि धड नव्हतें. दुसरीकडे बर्कलीच्या विद्यापीठांतील बँक्रॉफ्ट ग्रंथालयांत एक बराच मोठा सोन्याचा खडा आहे. गिरणीवरच्या माणसांचा स्वयंपाक करणाऱ्या जेनी विमर या बाईनें तो साबणाच्या क्षाराच्या कढईंत उकळून पाहिला, तरी त्याचें तेज गेलें नाहीं, आणि तोच पहिला खडा, अशी तिच्या घरची हकीकत. १८९३ च्या शिकागोच्या प्रदर्शनांत तो त्याच नात्यानें मांडला गेला. दोन्ही सोनें खरें; सराफाच्या कसोटीवर दोन्ही उतरतील. पण 'पहिलें' हा गुण कसोटीवर उतरत नाहीं. त्यासाठीं कागद पाहावा लागतो, माणूस पाहावा लागतो, आणि माणसाचें स्मरण चुकतें हेंहि पाहावें लागतें.

मार्शल यांची पुढची कथा या संदर्भांत आम्हांस फार करुण वाटते. ज्याच्या एका दृष्टिक्षेपानें लाखों लोक घरें सोडून निघाले, त्याच्या पदरांत सोनें जवळजवळ पडलेंच नाहीं. १८७२ सालीं संस्थानच्या विधिमंडळानें त्यांस महिना दोनशें डॉलर मानधन दिलें. पुढें तें निम्म्यावर आलें, व १८७८ पासून बंद झालें. अखेरच्या दिवसांत ते स्वतःची सही केलेलीं कार्डें विकीत असत. 'कॅलिफोर्नियांतील सोन्याचा शोध लावणारा' अशा आशयाचीं तीं कार्डें होतीं. १८८५ सालीं ते दारिद्र्यांतच वारले, आणि १८९० सालीं त्यांचा भव्य पुतळा उभा राहिला. शोधाच्या जागेकडे त्याचें बोट आहे. त्या सहीच्या कार्डांस आज मोठी किंमत येते असें समजतें. जिवंत मनुष्यानें आपलेंच स्मृतिचिन्ह होऊन दारोदार जावें, यांत जें कांहीं आहे त्याचा विचार तें कार्ड विकत घेणारानें क्षणभर केला तरी पुरे.

आतां ज्या प्रश्नानें आम्हांस अस्वस्थ केलें त्याकडे वळूं. निरुपद्रवी असत्य चालूं द्यावें काय? याचा एक दाखला त्याच बँक्रॉफ्ट ग्रंथालयांत पडून आहे. इंग्रज दर्यावर्दी फ्रान्सिस ड्रेक यानें १५७९ सालीं कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर एक पत्रा ठोकून तो प्रदेश आपल्या राणीचा असल्याचें जाहीर केलें, असें जुन्या प्रवासवर्णनांत आहे. हर्बर्ट बोल्टन नांवाचे थोर इतिहासकार हा पत्रा सांपडेल या आशेनें आपल्या विद्यार्थ्यांस त्याची आठवण नेहमीं देत. तेव्हां सोन्याच्या काळच्या खाणकऱ्यांच्या एका विनोदी मंडळाचें काहीं इतिहासप्रेमी गृहस्थांनीं पुनरुज्जीवन केलें होतें. बोल्टन यांची थट्टा करावी म्हणून त्या मंडळींपैकीं कांहींनीं एक पितळी पत्रा खोदून तयार केला, आणि पाठीमागें आपल्या मंडळाचीं आद्याक्षरें अदृश्य रंगानें काढून ठेवलीं. १९३६ सालीं तो 'सांपडला'. बोल्टन यांनीं तो खरा मानला. तज्ज्ञांनीं तसा निर्वाळा दिला. ३,५०० डॉलर देऊन तो विकत घेण्यांत आला. शाळेच्या पुस्तकांत त्याचीं चित्रें गेलीं. थट्टा करणारांनीं आडवळणानें सूचना दिल्या, एक पुस्तिकाहि काढली. पण समोर जाऊन 'गुरुजी, हा आमचा खेळ होता' असें म्हणण्याचें धैर्य कोणास झालें नाहीं. बोल्टन १९५३ सालीं वारले. १९७७ सालीं धातूच्या परीक्षेनें पत्रा अर्वाचीन ठरला, आणि कोणीं व कसा केला याची सारी हकीकत २००३ सालीं प्रसिद्ध झाली.

या प्रकरणांत दुष्ट असा कोणीच नाहीं. सारे बोल्टन यांचे स्नेही वा चाहते. पण प्रत्येक दिवसाच्या मौनानें सत्य सांगण्याची किंमत थोडी थोडी वाढत गेली, आणि अखेर ती कोणासच परवडेना. थट्टा एका संध्याकाळची होती. मौनानें ती सदुसष्ट वर्षांची झाली. आमचें मौन तेव्हां तीन आठवड्यांचें होतें.

येथें कोणी म्हणेल, 'पण मनुष्य खोट्या वस्तूंवांचून जगतो तरी कोठें? दसऱ्यास तुम्ही आपट्याचें पान सोनें म्हणून देतां कीं नाहीं?' आक्षेप मार्मिक आहे. परंतु आपट्याचें पान देणारा व घेणारा दोघेहि जाणतात कीं तें पान आहे. त्या जाणिवेमुळेंच त्या व्यवहारांत गोडी आहे. सराफाच्या पेढीवर तेंच पान सोन्याच्या भावानें कोणी देऊं लागला तर त्यास पोलीसच्या हवालीं करावें लागेल. पान तेंच; फरक पडला तो उघडेपणांत. म्हणून प्रतिकृति ही स्वतः खोटी नसते. याचें उत्तम उदाहरण ऑस्ट्रेलियांत आहे. १८६९ च्या फेब्रुवारींत व्हिक्टोरिया प्रांतांत मोलियागूल येथें जॉन डीसन व रिचर्ड ओट्स या दोघांस झाडाच्या मुळाशीं सोन्याचा एवढा मोठा गोळा सांपडला कीं, डनॉली गांवांत तो तोलण्यास कांटा पुरेना. मग ऐरणीवर ठेवून त्याचे तुकडे केले, तोलले, आणि ते वितळून गेले. 'वेलकम स्ट्रेंजर' या नांवानें ओळखला जाणारा तो गोळा आज जगांत कोठेंहि नाहीं. आहेत त्या त्याच्या प्रतिकृति. प्रतिकृति म्हणूनच त्या मांडल्या जातात, म्हणून त्या सत्य सांगतात. मूळ सोनें मात्र कोणाच्या अंगठींत, कोणाच्या नाण्यांत मिसळून गेलें. तें असूनहि कांहीं सांगूं शकत नाहीं. आणि आपण तरी काय करतों? आजीच्या गोठ-पाटल्या मोडींत घालतों, घट धरून नव्या बांगड्या करतों, आणि 'घरचेंच सोनें आहे' असें म्हणतों. वजन राहतें, आजी जाते. पण हा विषय काढला कीं आमच्या घरांत वाद होतो, म्हणून येथेंच थांबतों.

खोट्या वस्तूंपेक्षांहि कठीण प्रश्न खऱ्या वस्तूंचा आहे. कॅलिफोर्नियांत १८५० सालीं परदेशी खाणकऱ्यांवर महिना वीस डॉलरांचा कर बसविण्यांत आला. पुढच्याच वर्षीं तो रद्द झाला, आणि १८५२ सालीं तीन डॉलरांच्या रूपानें पुनः आला. या वेळीं त्याचा भार मुख्यतः चिनी मजुरांवर होता. कर भरल्याच्या छापील पावत्या आज संग्राहकांत फार मागितल्या जातात. ज्या प्रांतांत ती पावती फाडली गेली त्या प्रांताच्या सर्वोच्च न्यायालयानें १८५४ सालीं असा निर्णय दिला होता कीं, गोऱ्या मनुष्याविरुद्ध चिनी मनुष्याची साक्ष ग्राह्य नाहीं. म्हणजे ज्यानें ती पावती खिशांत बाळगली, त्याला लुटलें तरी न्यायासनापुढें बोलण्याची सोय नव्हती. तो गेला, त्याची झोपडी गेली. त्याच्या नांवाचा हा एक कागद उरला. ती पावती चौकटींत लावून 'सोन्याच्या दिवसांची रम्य आठवण' म्हणून ठेवणें, आणि 'या मनुष्याकडून इतके पैसे अन्यायानें घेतले' असें लिहून ठेवणें, या दोहोंत कागदाचा फरक कांहींच नाहीं. नैतिक फरक मात्र सारा तेवढाच आहे. त्याच भूमीच्या मूळच्या रहिवाशांची संख्या १८४६ च्या सुमारास दीड लाख होती ती १८७० पर्यंत तीस हजारांवर आली, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. त्यांच्या दुःखाची पावतीसुद्धां कोणीं फाडली नाहीं.

अशीच गोष्ट एका विजारीची. १८८० च्या दशकांतली लेव्ही स्ट्रॉस कंपनीची एक कामाची विजार पश्चिमेकडच्या एका ओसाड खाणींत सांपडली, आणि २०२२ सालीं न्यू मेक्सिकोंत लिलांवांत ती ७६,००० डॉलरांस गेली. तिच्या खिशाच्या आंतल्या बाजूस छापलेलें आहे कीं, असा माल गोऱ्या मजुरांच्या हातानें करणारे आम्ही एकटेच. चिनी लोकांस देशांत येण्याची बंदी करणारा १८८२ चा कायदा ज्या हवेंत झाला त्या हवेंतली ती जाहिरात. कंपनीनें ती पुढें सोडून दिली. आतां ती विजार ज्यानें घेतली त्यानें तो खिसा उलटा करून दाखवावा कीं झांकावा? आमच्या मतें दाखवावा, आणि दाखवितांना आवाज थोडा खालीं आणावा. त्याच वर्षीं दुसरी एक विजार याहूनहि अधिक किंमतीस, म्हणजे १,१४,००० डॉलरांस, विकली गेली. 'सेंट्रल अमेरिका' नांवाची आगबोट कॅलिफोर्नियाचें सोनें घेऊन जात असतां १८५७ च्या सप्टेंबरांत वादळांत बुडाली, व सुमारें चारशें पंचवीस माणसें गेलीं. ही विजार तिच्यांतल्या एका उतारूच्या पेटींतली. हीहि लेव्ही स्ट्रॉस यांच्या दुकानची असावी असें कित्येकांनीं पुढें केलें. एवढी जुनी म्हणजे तिचें मोल कितीतरी वाढणार. परंतु त्या कंपनीच्याच इतिहासतज्ज्ञांनीं तसा पुरावा नाहीं असें स्पष्ट सांगितलें. स्वतःच्या घराण्याचा गौरव दोन दशकांनीं वाढत असतां 'पुरावा नाहीं' म्हणणें हें सोपें नव्हे.

कांहीं ठिकाणीं वस्तु न उचलणें हाच उत्तम संग्रह असतो. क्लाँडाइकच्या सोन्यामागें १८९७-९८ सालीं जे लोक अलास्कांतून चिल्कूट खिंड चढून गेले, त्यांस वर्षभराची शिधासामुग्री, म्हणजे जवळजवळ टनभर ओझें, बरोबर असल्याशिवाय कॅनडाचे पोलीस पुढें सोडीत नसत. त्यांनीं वाटेंत टाकलेले घडीचे होडगे, बूट, डबे, तारा आजहि त्या खिंडींत तशाच पडलेल्या आहेत, आणि त्यांस हात लावणें गुन्हा आहे. तो बूट दिवाणखान्यांत आला तर बूट आहे. तेथें, त्या चढावर, त्या दगडापाशीं, तो एका माणसाचा दम कोठें सुटला याची खूण आहे.

असो. चौथ्या आठवड्यांत आम्ही नानांकडे गेलों आणि सांगून टाकलें. ते बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग म्हणाले, "आंकडे नीट वाचलेत ना? पांचच आहेत?" आम्हीं होय म्हटलें. त्यांनीं परात खालीं काढावयास सांगितली, मांडीवर घेतली, आणि अंगठ्यानें तो ठसा चांचपून पाहिला; एकदां, दोनदां. वहिनी आंतून चहा घेऊन आल्या. आम्हांकडे पाहून म्हणाल्या, "एवढें सांगायलाच हवें होतें का तुम्हांला?" या प्रश्नास आम्हांपाशीं त्या वेळीं उत्तर नव्हतें. नानांनींच तें दिलें. "अग, मी लोकांना खोटें सांगत होतों. मला ठाऊक नव्हतें, ती गोष्ट वेगळी. यांना ठाऊक होतें." थोड्या वेळानें ते आमच्याकडे वळून म्हणाले, "पण बाळूला कळवूं नका. त्यानें फार हौसेनें आणली आहे."

त्यानंतर दोन महिने नानांकडून निरोप आला नाहीं, आणि आमचेंहि पाऊल तिकडे वळेना. आमच्या मनांत मात्र एक नवाच पेंच राहिला. जें मौन पाळणें आम्हांस अशक्य झालें, तेंच आतां नाना आपल्या मुलासाठीं पाळूं पाहत होते, आणि त्यांत आम्हांस वांटेकरी करीत होते. हें मौन पहिल्या मौनाहून निराळें आहे काय? बाप मुलाची भेट जपतो आहे, एवढा फरक आहे. तो पुरेसा आहे कीं नाहीं हें आम्हांस अद्यापि ठरवितां आलेलें नाहीं. हा लेख नानांची अनुमति घेऊनच लिहीत आहों. चिरंजीव मराठी मासिकें वाचीत नाहींत, अशी त्यांनीं खात्री दिली आहे. ज्या गोष्टीचें एरवीं आम्हांस दुःख व्हावें तिचाच येथें आधार घ्यावा लागला!

गेल्या आठवड्यांत आम्ही पुनः तेथें गेलों होतों. परात जागच्या जागीं होती. घांसल्यामुळें जरा उजळ दिसत होती, आणि कांठाला नवा गंज धरूं लागला होता. खालची चौकट रिकामी होती. एक पाहुणे परातीकडे बोट करून विचारीत होते, आणि नाना सांगत होते, "नदींतली माती धुऊन सोनें काढतात, तसली परात आहे ही. कॅलिफोर्नियाची. मुलानें आणली." पाहुण्यांनीं विचारलें, "पुष्कळ जुनी असेल?" नाना म्हणाले, "नाहीं. फार जुनी नाहीं," आणि झारेकरी म्हणजे कोण, तें त्यांस समजावून सांगूं लागले.